विहीर मे महिन्यात बघा: शहरातून घरच्या शेतावर राहायला येणाऱ्यांसाठी

पुण्यात सोळा वर्षे काढल्यानंतर मार्च २०२२ मध्ये मी, माझे पती आणि तेव्हा तिसरीत असलेला आमचा मुलगा असे तिघे लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात, सासरच्या गावी कायमचे राहायला आलो. जमीन साडेपाच एकर, एक सामाईक विहीर, एक जुने माळवदाचे (मातीच्या सपाट छताचे) घर आणि बारा वर्षे बटईने, म्हणजे पिकातल्या वाट्याच्या बोलीवर दुसऱ्याला कसायला दिलेले शिवार, एवढे आमचे भांडवल होते. येण्याचा विचार मात्र २०२० च्या दिवाळीत पक्का झाला होता. त्या वर्षी घरूनच काम चालू असल्यामुळे आम्ही महिनाभर गावात राहिलो, विहीर काठोकाठ भरलेली होती, तूर फुलात होती, आणि दोघांनीही त्याच आठवड्यात राजीनामा द्यावा इतका उत्साह आला होता. तो राजीनामा आम्ही दिला नाही याचे श्रेय माझ्या चुलत सासऱ्यांना आहे. ते एवढेच म्हणाले, "सूनबाई, दिवाळीला समद्याच हिरी भरलेल्या असतेत. मिरगाच्या तोंडाला येऊन बघा, मग ठरवा."

पुढची सगळी मांडणी त्या सल्ल्यावर उभी आहे. मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावात राहायला यायचे असेल, तर निर्णय उन्हाळ्यात घ्यावा, कागद त्यानंतरच्या वर्षभरात दुरुस्त करावेत आणि सामानाचा टेम्पो सर्वांत शेवटी भरावा. बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात. आमच्याही हातून काही पायऱ्या मागेपुढे झाल्या, त्याचा खर्च काय आला तेही पुढे सांगते.

१. आधी पाणी मोजा

पाण्याचा अंदाज नजरेने करू नका, मोजमाप करा. यासाठी मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात चार दिवसांची रजा काढून गावी या. सोबत घड्याळ, वही आणि दोनशे लिटरचा एक ड्रम ठेवा. मोटार सुरू करून ड्रम किती सेकंदांत भरतो ते पाहा. आमचा ड्रम चाळीस सेकंदांत भरला, म्हणजे सेकंदाला पाच लिटर आणि तासाला अठरा हजार लिटर. त्यानंतर विहीर उपसून मोटार हवा ओढू लागेपर्यंत किती वेळ चालते ते नोंदवा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा सुरू करून पुन्हा नोंदवा. पहिल्या दिवसाचा आकडा साठ्याचा असतो आणि तो फसवतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसाचा आकडा झऱ्यांचा असतो, तोच खरा.

आमची विहीर पहिल्या दिवशी तीन तास चालली आणि चौथ्या दिवशी चाळीस मिनिटांत थांबली. चाळीस मिनिटांचे बारा हजार लिटर होतात. एक एकराला पाटाने पाच सेंटिमीटर उंचीची एक पाळी द्यायची तर सुमारे दोन लाख लिटर पाणी लागते. याचा अर्थ मे महिन्यात आमच्या विहिरीला एक एकर भिजवायला सतरा दिवस लागले असते, आणि तेही घरात व गोठ्यात एक घागरही न वापरता. ऊस, केळी आणि उन्हाळी भुईमूग हे विषय त्या वहीच्या पानावरच संपले. घर, दोन जनावरे आणि ठिबकवर वीस गुंठे भाजीपाला व फळझाडे एवढा आमचा उन्हाळा आहे हे कळले, आणि त्याच हिशेबाने पुढचे सगळे ठरले.

विहीर सामाईक असेल तर हे मोजमाप भाऊबंदांना सांगून, शक्य तर त्यांना सोबत घेऊन करा. सातबाराच्या इतर हक्काच्या रकान्यात विहिरीतला तुमचा हिस्सा लिहिलेला आहे का आणि प्रत्यक्षात पाळी किती दिवसांची आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमचा कागदावर निम्मा हिस्सा होता, पण बारा वर्षांत पाळी हळूहळू आठवड्यातून दोन दिवसांवर आलेली होती. ती पूर्ववत करायला दोन उन्हाळे आणि बरेच चहा खर्च झाले.

विहिरीला पाणी कमी आहे असे दिसताच बोअर घेण्याचा सल्ला मिळेल. इथला खडक बेसाल्टचा, थरावर थर बसलेला आहे. पाणी वरच्या झिजलेल्या व भेगाळ थरात आणि दोन थरांच्या सांध्यात असते. खाली अखंड काळा पाषाण लागला की फूटामागे पैसे जातात आणि धूळ वर येते. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे जवळपास दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरीवर निर्बंध आहेत, आणि पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीजवळ नवी विहीर घेण्यावरही बंधन आहे. गावोगाव काय चालते ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी नव्याने आलेल्या माणसाने पहिल्याच वर्षी सहाशे फुटांच्या भोकात बचत ओतू नये असे माझे ठाम मत आहे. जुन्या विहिरीतला गाळ काढणे, विहिरीच्या आतून आडवे बोअर घेणे, बांधबंदिस्ती करणे आणि उताराच्या कडेला शेततळे घेणे यांना आधी संधी द्या.

याच जिल्ह्याच्या मुख्य शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तुमच्या विहिरीची त्या वर्षीची स्थिती काय होती हे गावातल्या दोघा-तिघांना वेगवेगळे गाठून विचारा. त्या उन्हाळ्यात जी विहीर पिण्यापुरते पाणी देत राहिली, तिच्या भरवशावर राहायला यायला हरकत नाही.

२. कागद: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

घरचीच जमीन आहे, कागदात काय बघायचे, असे वाटते. आमच्या घरच्या जमिनीचे कागद नीट व्हायला चौदा महिने लागले. खालील कागद गावी येण्याच्या वर्षभर आधी गोळा करायला सुरुवात करा.

– चालू सातबारा आणि आठ-अ. दोन्ही डिजिटल स्वाक्षरीसह ऑनलाइन मिळतात.
– सातबारावर गोलात लिहिलेल्या प्रत्येक क्रमांकाचा फेरफार (मालकी किंवा हक्क बदलल्याची नोंद), म्हणजे गाव नमुना ६ ची नक्कल.
– गटाचा नकाशा आणि पूर्वी मोजणी झाली असेल तर तिची ‘क’ प्रत.
– जुने खासरा पत्रक, पाहणी पत्रक, आणि जुन्या सर्वे नंबरचा कोणता गट नंबर झाला त्याचा उतारा.
– मृत खातेदाराचा मृत्यू दाखला, सर्व वारसांची नावे व त्यांचे आधार क्रमांक.
– कृषिपंपाचे शेवटचे वीजबिल आणि सोसायटी किंवा बँकेचे बेबाकी प्रमाणपत्र.

सातबारा वाचताना क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते हे लक्षात ठेवा. एका हेक्टरचे शंभर आर होतात आणि एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. पोटखराबा, म्हणजे पिकाखाली न येणारी जमीन, वेगळा दाखवलेला असतो, तो धरून तुम्ही एकर मोजत असाल तर वहितीची जमीन तेवढी कमी भरेल. भोगवटादार वर्ग २ असे लिहिलेले असेल तर त्या जमिनीच्या हस्तांतरणावर बंधने असतात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होता, त्यामुळे आपल्याकडे इनामाच्या आणि हैदराबाद कुळकायद्याखालच्या जमिनी बऱ्याच आहेत आणि त्या काळचे कागद उर्दूत असतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या मित्राने दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही. वकील घ्यायचा तर तालुक्याच्या ठिकाणचा, असे जुने कागद हाताळलेला घ्या.

आता वारस नोंदीविषयी. खातेदाराच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज करणे अपेक्षित असते. घरोघरी तो वर्षानुवर्षे राहून जातो. माझे सासरे २०१९ मध्ये गेले आणि आम्ही अर्ज २०२१ मध्ये केला. अर्जासोबत मृत्यू दाखला आणि सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र लागते. वारस ठराव झाला की फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. कागद पूर्ण असतील आणि हरकत नसेल तर हे काम फार अवघड नाही. आता ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्या अर्ज करता येतो, आणि शासनाने एप्रिल २०२५ पासून जिवंत सातबारा नावाची मोहीमही काढली आहे.

अवघड असते ते बहिणींचे नाव. "तिला कशाला, ती तर हक्कसोड देणारच आहे," असे म्हणून प्रतिज्ञापत्रातून मुलींची नावे गाळणारी घरे मी पाहिली आहेत. हे करू नका. हिंदू वारसा कायद्याने पत्नी, आई, मुलगे आणि मुली या सर्वांची नावे लागतात, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क जन्मतःच आहे. नाव गाळून केलेली नोंद पुढे कधीही आव्हानात सापडते. आधी सगळ्यांची नावे लावा. त्यानंतर एखादी बहीण स्वखुशीने हक्क सोडत असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. माझ्या दोन नणंदांपैकी एकीने हक्क सोडला, दुसरीने सोडला नाही. तिच्या वाट्याची जमीन आम्ही कसतो आणि दर वर्षी तिला तिचा हिस्सा पोचवतो, त्याचा लेखी हिशेब ठेवतो. हे बोलणे जड गेले, पण ते पुण्यात असतानाच उरकले याचे मला समाधान आहे.

आणखी एक फास ‘ए. कु. मॅ.’ या तीन अक्षरांत असतो. एकत्र कुटुंबाच्या जमिनीला पूर्वी थोरल्या भावाचे नाव एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून लावत असत, आणि धाकट्यांची नावे सातबारावर येतच नसत. आमच्या साडेपाच एकरांपैकी दोन एकर अशा नोंदीखाली चुलत सासऱ्यांच्या नावावर होते. ते सज्जन असल्यामुळे त्यांनी स्वतः तहसीलला येऊन जबाब दिला. ते हयात नसते तर त्यांच्या पाच वारसांच्या संमतीसाठी आम्हाला तीन शहरे फिरावी लागली असती. घरातली मोठी माणसे आहेत तोवर हे काम करून घ्या. त्याच वेळी भावाभावांतली तोंडी वाटणीही कागदावर आणा. महसूल संहितेच्या कलम ८५ खाली संमतीने वाटप करून घेण्याची सोय आहे.

३. बांध आणि रस्ता

मोजणी उन्हाळ्यात, रान मोकळे असताना करावी. उभ्या पिकात मोजणीदाराला खुणा दाखवता येत नाहीत आणि शेजाऱ्यालाही राग येतो. नोटीस शासकीय असली तरी लगतच्या सर्व धारकांना आपण स्वतः जाऊन, हात जोडून सांगून यावे. आमचा बांध एका बाजूला पाच फूट आत सरकलेला निघाला. दुसऱ्या बाजूला आम्हीच तीन फूट पुढे होतो. पहिली बातमी ऐकवताना दुसरी लपवली असती तर आज त्या दोन्ही घरांशी आमचे बोलणे नसते.

रस्त्याची परीक्षा ऑगस्टमध्ये घ्या, दुचाकीवरून. डांबरी सडकेपासून शेतापर्यंतचे अर्धा किलोमीटर काळे रान पावसाळ्यात मोटारसायकलच्या चाकात कसे भरते हे पाहिल्याशिवाय शेतातच घर बांधण्याचा विचार करू नका. रस्ता नकाशावर पाणंद (शेतांकडे जाणारी सार्वजनिक वाट) म्हणून आहे, की दुसऱ्याच्या बांधावरून नुसती वहिवाट आहे, हे तपासा. असलेली वहिवाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली आणि रस्ताच नसेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. अर्ज निकाली निघायला वेळ जातो, आणि तेवढ्या काळात सोयाबीन शेतातून बाहेर काढायचे असते. म्हणून आधी बोलणे, मग अर्ज.

४. पैशाचा हिशेब सोयाबीनच्या पोत्यात करा

पगाराच्या भाषेत शेतीचे उत्पन्न समजत नाही, म्हणून एका हंगामाचा हिशेब देते. २०२४ च्या खरिपात आमच्याकडे चार एकर सोयाबीन होते. एकरी सात क्विंटलप्रमाणे अठ्ठावीस क्विंटल झाले. हमीभाव ४,८९२ रुपये होता, परंतु हमीभावासाठी ओलावा १२ टक्क्यांपर्यंत लागत होता. मालात त्याहून जास्त ओल होती, घरात वाळवायला जागा नव्हती आणि मळणीवाल्याचे पैसे द्यायचे होते, म्हणून आम्ही आडतीवर ४,१०० रुपयांनी विकले. एक लाख चौदा हजार आठशे रुपये आले. नांगरट, कुळवाची पाळी, बियाणे, खत, फवारणी, खुरपणी, काढणी आणि मळणी मिळून एकरी एकोणीस हजार म्हणजे शहात्तर हजार गेले. हातात अडतीस हजार आठशे उरले, पाच महिन्यांचे, तिघांच्या घराला. आमचे स्वतःचे श्रम यात धरलेले नाहीत.

त्यामुळे किमान दोन वर्षांचा घरखर्च शेतीच्या पैशापासून वेगळा ठेवा, आणि दोघांपैकी एकाचे शहरी काम, अर्धवेळ का होईना, चालू राहील अशी व्यवस्था करा. माझे पती अजूनही आठवड्याचे वीस तास जुन्या कामाचे हिशेब ऑनलाइन करतात, त्यावर मुलाची फी आणि किराणा भागतो. राजीनाम्याआधी उरकायच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, स्वतःचा आरोग्य विमा. कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो आणि नव्या विम्यात जुन्या आजारांना प्रतीक्षा काळ असतो, म्हणून तो वर्ष-दोन वर्षे आधी घ्यावा. दुसरी, कर्ज. घर दुरुस्तीसाठी बँकेचे कर्ज हवे असेल तर पगारपत्रक हातात असतानाच घ्या.

ट्रॅक्टर घेऊ नका. पाच-सहा एकराला तो परवडत नाही, गावात भाड्याने मिळतो, आणि हप्त्यापायी मग दुसऱ्याची नांगरट करत हिंडावे लागते.

५. जमीन कसणाऱ्या माणसाशी आधी बोला

शहरातून येणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक इथे होते. बटईदाराला मे महिन्यात फोन करून "यंदा आम्हीच करणार" असे सांगितले जाते. इकडे शेतीचे साल गुढीपाडव्याला बदलते, बोली त्याच्या आधी ठरलेल्या असतात आणि त्या माणसाने तुमच्या जमिनीच्या भरवशावर बैल, बियाणे आणि उचल यांचे गणित मांडलेले असते. निदान एक साल आधी सांगा. आम्ही पहिल्या वर्षी अडीच एकर स्वतःकडे घेतले आणि तीन एकर त्यांच्याकडेच निम्म्या बटईने ठेवले.

त्याचा जेवढा फायदा झाला तेवढा कुठल्याही प्रशिक्षणाचा झाला नसता. कोणत्या तुकड्यात हस्ताचा पाऊस पडला की जमीन पाणी धरून चिबडते, हरळी कुठून पसरते, रानडुकरे कोणत्या बाजूने शिरतात, कोणत्या धुऱ्याखाली साप हमखास असतो, हे सातबारावर लिहिलेले नसते. आमच्या बटईदार मामांनी ते बारा वर्षे पाहिलेले होते आणि विचारल्यावर सगळे सांगितले.

बटईचा व्यवहार लेखी ठेवा आणि खर्च कोणी किती करायचा ते स्पष्ट लिहा. ई-पीक पाहणी, म्हणजे सातबारावर पिकाची ऑनलाइन नोंद, ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाली, तेव्हा आम्हाला वाटले बटईदार नोंद करतील, त्यांना वाटले मालक करतील. त्या वर्षी आमच्या सातबारावर पिकाचा रकाना कोराच राहिला आणि भरपाईच्या यादीत आम्ही दोघेही नव्हतो. ही नोंद शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाच्या छायाचित्रासह करायची असते, हंगामात मुदत ठरलेली असते, आणि हमीभाव खरेदीपासून नुकसान भरपाईपर्यंत सगळीकडे तीच पाहतात.

६. घर, वीज आणि दवाखाना

किल्लारी आमच्याच तालुक्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात माणसे मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे जड छत अंगावर पडून गेली. माळवदाच्या घराचा गारवा कितीही हवासा वाटला तरी भिंतीत सिमेंटचा किंवा लाकडाचा पट्टा आहे का, कोपरे सांधलेले आहेत का, तुळया वाळवीने पोखरल्या आहेत का, हे जाणत्या गवंड्याकडून पाहून घ्या. आम्ही माळवदावरची दर वर्षी चढत गेलेली माती उतरवली, त्यावर पत्रे घातले, आणि झोपायची एक खोली वेगळी, पक्क्या खांब-तुळयांची बांधली. जुनी खोली कोठार झाली. गावठाणातल्या घराचा उतारा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर असतो, त्यावरही वारसाचे नाव लावून घ्यायचे असते.

शेतातली थ्री फेज वीज पाळीने येते, काही आठवडे दिवसा आणि काही आठवडे रात्री. रात्रीची पाळी म्हणजे मिट्ट अंधारात पाणी वळवायला जाणे. गमबूट आणि चांगली बॅटरी याशिवाय जाऊ नका. दिवसाच्या पाण्यासाठी सौर पंप हा उत्तम उपाय आहे. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के हिस्सा भरावा लागतो, अडीच एकरापर्यंत तीन अश्वशक्तीचा आणि पाच एकरापर्यंत पाच अश्वशक्तीचा पंप मिळतो. अर्जात विहिरीची नोंद सातबारावर असावी लागते, आणि सामाईक असेल तर इतरांचे ना हरकत पत्र. इथे पुन्हा दुसरी पायरी आठवेल.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आपल्या शिवारांत असतात. सर्पदंशावरची लस कोणत्या ग्रामीण रुग्णालयात हमखास असते आणि तिथे रात्री डॉक्टर असतात का, हे राहायला येण्याआधी जाऊन विचारून या. दंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये, तो अवयव न हलवता १०८ वर फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने तिथे पोचावे.

शाळेबद्दल थोडक्यात: जूनच्या आधी गावातल्या जिल्हा परिषद शाळेत एक दिवस बसून या, शिक्षक किती आहेत ते पाहा, मग ठरवा. आमचा मुलगा तिथेच शिकला आणि भाकरी थापायलाही तिथल्याच मैत्रिणींकडून शिकला.

७. पहिला हंगाम

पहिल्या वर्षी नवे पीक आणू नका. गाव जे पेरते तेच पेरा: सोयाबीन आणि तूर, मागे हरभरा किंवा रब्बी ज्वारी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची या मातीत तपासलेली वाणे आहेत. तुरीत बदनापूरचे बीडीएन ७११ लवकर येते आणि कमी पाण्याच्या रानाला बरे पडते. सोयाबीनच्या चार ओळींना तुरीच्या दोन असे आंतरपीक घेतले तर एक बुडाले तरी दुसरे हातात राहते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने मराठवाड्यात काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले, तेव्हा आमच्या उंच अंगाच्या तुरीनेच वर्ष थोडेफार सावरले.

सोयाबीनचे बियाणे घरचे असो वा पिशवीचे, उगवण तपासल्याशिवाय पेरू नका. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावेत, पाणी शिंपडत राहावे आणि आठवड्याने मोजावे. सत्तर किंवा अधिक उगवले तर एकरी तीस किलोच्या आसपास बियाणे पुरते. त्याहून थोडे कमी असतील तर बियाणे वाढवावे, फारच कमी असतील तर तेलगिरणीला द्यावे. सोयाबीनची साल पातळ असते, पोते उंचावरून आपटले तरी उगवण जाते.

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय तिफण बाहेर काढू नये. मृगाच्या पहिल्या सरीला शेजारचे रान पेरले गेलेले पाहून मन थांबत नाही, त्यासाठी दोनशे-तीनशे रुपयांचे एक पर्जन्यमापक घेऊन अंगणात लावा. महसूल मंडळात ६० मिलिमीटर पडल्याची नोंद असते आणि आपल्या वावरात २० पडलेले असते, असे दर वर्षी दोनदा तरी होते.

एवढे सगळे करूनही आमचे पहिले सोयाबीन शंखी गोगलगायींनी खाल्ले. २०२२ मध्ये लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत त्यांचा मोठा उद्रेक झाला होता. रात्रीतून ओळीच्या ओळी कापल्या जायच्या आणि सकाळी त्या बांधाच्या गवतात लपून बसायच्या. आम्ही एक एकर पुन्हा पेरले. तेव्हापासून पेरणीआधी बांध साफ करतो, कडेने चुन्याचा पट्टा ओढतो, ओल्या गोणपाटाखाली जमलेल्या गोगलगायी सकाळी हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकतो, आणि फारच झाल्या तर मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकतो. त्या गोळ्या टाकल्यावर कोंबड्या आणि कुत्री चार दिवस बांधून ठेवावी लागतात.

८. नोंदणी आणि योजना

वारस नोंद झाली की लगेच शेतकरी ओळख क्रमांक काढा. एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांना तो आवश्यक आहे. ठिबक, अवजारे, शेततळे यांसाठी महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केली तर अनुदान मिळत नाही, आमच्या ठिबकचे असेच गेले. एक रुपयातला पीक विमा २०२३ च्या खरिपात सुरू होऊन २०२५ च्या खरिपापासून बंद झाला, आता खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्के आणि रब्बीला दीड टक्का हप्ता भरावा लागतो. पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार रुपये मागच्या वर्षी प्राप्तिकर भरलेल्यांना मिळत नाहीत. नोकरी सोडल्या सोडल्या अर्ज करून नंतर वसुलीची नोटीस आलेले दोघे जण माझ्या ओळखीचे आहेत.

९. टेम्पो

सामान मार्चमध्ये आणा. रस्ता कोरडा असतो, रब्बीची घाई संपत आलेली असते, मुलांचे वर्ष तिकडे पूर्ण होते, आणि उन्हाळा समोर असल्यामुळे गावातला सर्वांत कठीण काळ सुरुवातीलाच अंगावर येतो. त्याआधीच्या मार्गशीर्ष अमावास्येला, वेळा अमावास्येला, सहकुटुंब शेतात या. भज्जी, आंबील आणि उंडे खायला सगळी भावकी त्या दिवशी रानात असते. आपण राहायला येणार आहोत हे तिथे सांगावे. बांधाचा विषय मात्र त्या दिवशी काढू नये.

इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, चांगली ताडपत्री, खुरपी, विळे, फावडे, पाठीवरचा फवारणी पंप, दोन ड्रम आणि पुस्तके एवढे आणा. काचेचे टेबल, सोफा आणि वॉशिंग मशीन पुण्यातच विका. आम्ही मशीन आणले. कमी दाबाच्या विजेवर ते पहिल्याच महिन्यात बंद पडले, दुरुस्त करायला तालुक्याहून कोणी आले नाही. झाकण घट्ट बसते आणि पत्र्यातून उंदीर शिरत नाही, म्हणून त्यात आता पुढच्या हंगामाचा हरभरा ठेवलेला आहे.